नात्यातले आकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी. विनिपेग. उणे एकतीस.
शुक्रवारी सेमिनारमध्ये बोलायचं आहे. निकाल पटला तर माझ्या गाइड कोवाल्चुक मॅडम पीएचडीला माझाच विषय ठेवणार, नाहीतर त्यांचा जुना, कुणीच न घेतलेला प्रश्न माझ्या गळ्यात. काळजी अजिबात नाही. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लगला लावली आहे ना, एवढंच पुन्हा पुन्हा बघून आले.

मंगळवार, ४.
काम साधं आहे. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे चौकोनी तक्त्यात, रँडम आकडे भरायचे आणि त्यातून निघणाऱ्या खास संख्यांचा, आयगेनव्हॅल्यूंचा, आलेख काढायचा. आकडे एकमेकांना अनोळखी असले की अर्धवर्तुळाची सुबक टेकडी येते. माझे आकडे मात्र शेजाऱ्यांशी नातं ठेवून आहेत. टेकडी वेडीवाकडी आली.
मी आकडे ओळीने भरले, म्हणून तर नसेल? हा पक्षपात झाला. माझी शाळा सोळाव्या वर्षापर्यंत घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईपुढे भरायची. आई म्हणायची, पत्ते नीट पिसल्याशिवाय वाटायचे नाहीत. उद्या मॅट्रिक्समधले आकडे पिसणार.

बुधवार, ५. दुपारी.
पिसले. अर्धवर्तुळ! म्हणजे नातं असो वा नसो, टेकडी तीच. हे अजून कुणालाच माहीत नाही. गर्व करायचा नाही, असं ठरवलं.
माझ्याच खोलीत बसणारा गॉर्डी म्हणाला, बाई गं, इतकं देखणं चित्र मला मिळालं असतं तर मी घाबरलो असतो. प्रोग्राम दाखव म्हणाला. शुक्रवारनंतर, म्हटलं. मत्सर असणार. मनातल्या मनात त्याला माफ केलं.

गुरुवार, ६.
आईला फोन केला. तिने विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, फार मोठा. बरं, म्हणाली, जेवलीस का?

शुक्रवार, ७. संध्याकाळी.
तासाभराचं भाषण पाव तासात संपलं. आकडे पिसल्याचं मी मुद्दाम सांगितलं, त्यासाठी वेगळी स्लाइडच होती. गॉर्डीने हातातलं डोनट खाली ठेवलं. मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लीना, नातं शेजारशेजारच्या जागांमुळे होतं. तूच सगळ्यांची घरं बदललीस, आणि आता सांगतेस की शेजाऱ्यांचा काही परिणाम होत नाही."
अनोळखी आकड्यांचं अर्धवर्तुळ सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय म्हणे. मात्र माझ्याइतक्या काळजीपूर्वक ते आजवर कुणी केलं नसावं, असंही त्या म्हणाल्या. हे लिहून ठेवते.
जुना प्रश्न मिळाला. सोमवारी सुरुवात. आधी तो प्रश्न तरी बरोबर आहे का, ते तपासून घेईन.