कॅम्परचं छत कोरडं आहे

९ मार्च, रविवार
कॅम्पर घरी आली. पुण्याच्या एका गृहस्थाने जुन्या मिनीबसची बनवून घेतली होती, त्याच्याकडून विकत घेतली. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन आणि थेट छतावर बसवलेला एसी. पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात अशी दुसरी नाही. बिल्डिंगमधली पोरं तिला ॲम्ब्युलन्स म्हणतात. दुर्लक्ष केलं.
बायकोला, कुमुदला, शब्द दिला. तेवीस तारखेला वेळास. तिथल्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं अंड्यातून निघून समुद्राकडे चालत जातात. तिने कधीतरी मोबाइलवर बघितलं, तेव्हापासून दरवर्षी म्हणते. हार्डवेअरच्या दुकानामुळे दरवर्षी राहिलं. आता दुकान मुलगा, निकेश, बघतो. मी मोकळा. आता कारण नाही.

११ मार्च
घरातून वायर टाकून एसी लावला. गारवा फर्स्ट क्लास. थोड्या वेळाने जाळीतून थेंब पडायला लागले. जागा बदलली की मशीनला सेट व्हायला वेळ लागतो.
कुमुद म्हणाली, "बरोबर माझ्या उशीवर पानी परतंय."
म्हटलं, उशी सरकव.

१२ मार्च
फिल्टर धुतला. थेंब वाढले. म्हणजे फिल्टर नव्हता. एक कारण बाद झालं, ही प्रगतीच.

१४ मार्च, धुळवड
बाहेर सगळे रंगात. मी कॅम्परमध्ये आडवा पडून छताकडे बघत शास्त्रशुद्ध विचार केला. निष्कर्ष: छताला फट आहे, पावसाचं पाणी आत येतं.
कुमुदने विचारलं, "पाऊस कुठं हाय?"
म्हटलं, साठलेला असेल.
ती पुरणपोळी ठेवून गेली. मान अवघडली आहे.

१५ मार्च
कळंबोलीला ट्रकचे एसी करणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, हा घरातल्यासारखा आहे, आमचं काम इंजिनवरच्या एसीचं." येताना घरचे एसी करणाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, गाडीच्या कामाला तो हात लावत नाही. दोघांपैकी एकही छतावर चढला नाही. जबाबदारी घेणारी माणसं उरली नाहीत.
ठरलं. स्वतः करणार. सिलिकॉन मी जन्मभर विकलं. करंजाड्यातली निम्मी बाथरूम माझ्या सिलिकॉनवर उभी आहेत.

१६ मार्च, रविवार
शिडी लावून वर गेलो. पत्रा असा तापलेला की गुडघ्याखाली गोणपाट घ्यावं लागलं. एसीच्या बुडाभोवती सगळीकडून जाड सिलिकॉन भरलं. बुडाला बारीक बारीक भोकं होती. कंपनीचा निष्काळजीपणा. तीही बुजवली.
कुमुद गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "भोकं उगाच ठेवली असतील का त्यांनी?"
म्हटलं, मालाची समज मला जास्त आहे.
कंबर गेली. पण काम पक्कं.

१८ मार्च
एसी दहा मिनिटं चालवला. एक थेंब नाही! निकेशला बोलावून दाखवलं. तो "बरं" म्हणून दुकानात गेला. या पिढीला कौतुक करता येत नाही.
पलंगावर नवी गादी टाकली. कुमुदने डब्यात चकल्या भरल्या. एक मागितली, तर म्हणाली, प्रवासाला आहेत.

२० मार्च
ट्रायलसाठी समुद्राकाठच्या करंजा गावी गेलो. तिथे बंदराजवळ कुमुदची धाकटी बहीण भामा राहते. तिला फेरी मारायला घेतलं. जनरेटरवर एसी चालू. दोघी पलंगावर बसून गप्पा मारत होत्या. मी पुढे ड्रायव्हिंगला, मन प्रसन्न.
स्पीडब्रेकर दिसला नाही. ब्रेक मारला. छतातून एकदम बादलीभर पाणी दोघींच्या डोक्यावर.
भामा आधी किंचाळली, मग हसायला लागली. म्हणाली, "भावजी, पावसाळा घेऊन फिरता का काय?"
कुमुद हसली नाही. केस पुसले, चकल्यांचा डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि भामाला घरी सोडल्यावर पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.
दोष उघड आहे. त्या रस्त्याच्या स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे नाहीत.

२२ मार्च, शनिवार
दिवसभर एसीचे बोल्ट आवळले. संध्याकाळी कुमुदने विचारलं, "उद्या जायचं ना?" म्हटलं, एक आठवडा दे, अर्धवट गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही.
ती म्हणाली, "कासवं तुमच्या एसीसाठी थांबनार नाय."
मग भामाला फोन लावला आणि साड्यांना इस्त्री करत बसली. मी समजलो, पुढच्या आठवड्याची तयारी.

२३ मार्च, रविवार
दोघी एसटीने वेळासला गेल्या. डेपोपर्यंत कॅम्परने सोडतो म्हटलं. रिक्षाने गेल्या.

२४ मार्च
घरात आवाज नाही. निकेश दुकानात. चहा दोनदा उतू गेला.
छतावर चढलो. एसीचं झाकण काढून आत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तिथेच उभं राहिलं. मग हळूच आतल्या बाजूने खाली, गादीवर.
भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी होती. कंपनीने शेजारी तसं लिहायला हवं होतं.
ब्लेडने सगळं सिलिकॉन कापलं. भोकांच्या आतल्या बाजूला सुकलेली पानं आणि माती अडकलेली. म्हणजे मूळ बिघाड तेवढाच. काडीने निघाला. दोष छतावर आहे हे मी पहिल्यापासून सांगत होतो.
उतरताना शिडीवर बसून राहिलो. खाली जाऊन करायचं काय?

२६ मार्च
एसी सकाळपासून चालू. पाणी छतावरून बाहेर ओघळतंय. आत कोरडं.
कुमुदला फोन केला. मी काही बोलायच्या आत तीच सुरू झाली. पिल्लं बघितली. एक सारखं उलटं वळत होतं, कोणी हात लावायचा नाही, सगळे श्वास रोखून उभे. शेवटी लाट आली आणि त्याला घेऊन गेली. "आमी दोघी रडलो ओ," म्हणाली. इतकं एका दमात ती माझ्याशी कधी बोलली होती, आठवेना.
मी सांगितलं, एसी गळायचा थांबला.
म्हणाली, "बरं झालं."
विचारलं, तिथे उकडत असेल ना? म्हणाली, उकडतंय, पण अंगणात बसतो, वारा हाय. म्हटलं, कॅम्पर घेऊन न्यायला येतो.
"नको. आमी अजून ऱ्हातो. तुमी एसी बघा."

२७ मार्च, दुपार
कॅम्परमध्ये बसलो आहे. एसी चालू. इतकं गार की चादर घेतली.
बिल्डिंगचा वॉचमन, काळूराम, काच वाजवून विचारत होता, "शेठ, घरात भांडन झालं का?"
म्हटलं, नाही. टेस्टिंग चालू आहे.
बाहेर फार तापलं होतं, म्हणून त्याला आत घेतलं. तो टोपी काढून पलंगाच्या कडेला बसला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "झकास हाय. गाडी घेऊन जायाचं कुठं?"
म्हटलं, बघू.
काही वेळाने तो बसल्या बसल्या झोपला. त्याच्या अंगावर चादर टाकली.