सातवी दुरुस्ती

सबाए, रविवार, ८ मार्च

प्रिय शुन्गो,

पाकिटावर 'नागासे' हे नाव पाहिलंस तर तू ते न फोडताच ठेवून देशील अशी मला भीती वाटली, म्हणून मागच्या बाजूला माझं जुनं आडनाव घातलं आहे. कुवाबारा. सतरा वर्षांत ते लिहिलं नव्हतं, हात अडखळला. ही लबाडी झाली का, असा विचार अजून चालू आहे, पण दुसरं पाकीट काही घेतलं नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कॉलेजात असताना क्योतोच्या आपल्या खोलीत दूध नासलं की बाटली मीच उघडी ठेवली असणार म्हणून मी अर्धा दिवस घालवायचो, आणि तू मित्रांसमोर माझी नक्कल करायचास. तुझ्या नकलेतला मी बाटलीची क्षमा मागायचो. तेव्हा हसू यायचं.

इकडची बातमी आधी सांगतो. एक एप्रिलला आपल्या चष्म्याच्या बिजागऱ्यांच्या कारखान्याला शंभर वर्षं होतात. त्याच दिवशी बाबा, म्हणजे तुझे आणि आता माझेही, अध्यक्षपद सोडणार आणि त्यांच्या जागी मी बसायचं, असं सगळ्यांनी ठरवलं आहे. 'सगळ्यांनी' म्हणजे बाबा, संचालक मंडळातले दोन म्हातारे आणि बँकेचा तो माणूस, ज्याला सगळं आधीच माहीत असतं. मी अजून होकार दिलेला नाही. वीस तारखेच्या बैठकीत उत्तर द्यायचं आहे. मला ते देता येत नाही, आणि का देता येत नाही हे या घरात बाबा सोडून कोणाला माहीत नाही. मिझुएलासुद्धा नाही. तुझी बहीण समजूतदार आहे, आठवडाभर माझं तोंड पाहून तिने एवढंच विचारलं, "पोटाचं आहे की डोक्याचं?" मी पोटाचं म्हणालो. तेव्हापासून पातळ भात खातोय.

त्सुयाबाई अजून कामावर येतात. एक्क्याहत्तर वर्षांच्या झाल्या. चष्म्याच्या काडीला बिजागरी बसवून एकदा उघडायची, एकदा मिटायची आणि बोटांना जे जाणवतं त्यावरून पास किंवा नापास करायचं, हे काम त्या यंत्रापेक्षा लवकर करतात. मला त्या पहिल्या दिवसापासून 'कागदी दादा' म्हणतात, कारण लग्नाच्या दिवशीच कागदावर सही करून मी बाबांचा दत्तक मुलगा झालो. त्यात हेटाळणी नाही. आपल्या घरात तुझे आजोबाही असेच दत्तक जावई होते आणि त्यांनाही म्हणे हेच नाव होतं. परवा त्या म्हणाल्या, "काय कागदी दादा, तोंड का उतरलंय? अध्यक्ष होताय की अंत्ययात्रेला निघालाय?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. जरा उशिरा हसलो, एवढंच.

शंभर वर्षांचं पुस्तक निघतंय आणि ते लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी एकेकाळी व्यापारी संघाच्या मासिकात होतो. 'माझी वाटचाल' हे माझं सदर तुला आठवत असेल. एकूण एकेचाळीस उद्योगपतींच्या मुलाखती मी घेतल्या. रिबिनी विणणारे, टॅक्सीवाले, खेकड्यांची खाणावळ चालवणाऱ्या मालकीणबाई, औषधांच्या बाटल्यांची झाकणं करणारे. जेवणाचे डबे पुरवणाऱ्या मात्सुमुराबाईंनी मला खरं सांगितलं होतं: "नवरा पळून गेला आणि घरात तांदळाचं एक पोतं होतं, बस. हे लिहू नका हं. लिहा की समाजाची सेवा करावी असं मनात होतं." मी तेच लिहिलं. टॅक्सीवाल्याला पुजारी व्हायचं होतं, मंत्र पाठ होईनात म्हणून तो गाडी चालवायला लागला. छापलं काय, तर 'लहानपणापासून चाकांचं वेड'. प्रत्येकाची वाट अपघाताने वळलेली, आणि प्रत्येकाला ती सरळ आखून हवी असायची. मी आखून द्यायचो. मला ते काम जमायचं, आणि जमतं म्हणून माझी मलाच शिसारी यायची.

बाबा कोणालाच मुलाखत देत नसत. माझ्यासाठी तू त्यांच्या मागे लागलास. "माझा मित्र आहे, पोराची नोकरी टिकेल, द्या हो एकदा," असं तू त्यांना जेवताना म्हणालास आणि ते म्हणाले, "नोकरी टिकायला माझं तोंड कशाला हवं?" पण दिली. त्या दिवशी चहा घेऊन मिझुए आली होती. हे मुद्दाम लिहितोय. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी नीट पाहिलं. बाबा दोन तास बोलले, बिजागरीबद्दलच. शेवटी मी वारसाचं विचारलं आणि ते म्हणाले, "शुन्गोला भाषा येते, यंत्र येतं, माणसं येतात. पण त्याची बोटं बहिरी आहेत." एकेचाळीस मुलाखतींत जिवंत वाक्य म्हणावं असं ते एकच होतं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अंक निघाला त्याच आठवड्यात व्यापारी संघाचा नववर्षाचा समारंभ होता. फ्रेम रंगवणाऱ्या ओगुराने तुझ्या पेल्यात साके ओतताना पेला मुद्दाम भरून वाहू दिला आणि म्हणाला, "अरे, बोटांना ऐकू आलं नाही वाटतं!" सगळं टेबल हसलं. मी दुसऱ्या टेबलावर होतो. मी हसलो नाही हे नक्की, पण उठलोही नाही. चार दिवसांनी तू गेलास. घराच्या दारात तू बाबांना काय विचारलंस ते मिझुएने मला सांगितलं आहे: "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? गावाला का सांगितलंत?" दोन वर्षांनी मिझुएशी माझं लग्न झालं, आणि तुझी जी वाटचाल व्हायची होती ती माझी झाली.

तुझी खबर मला दुरून मिळत राहिली. बोटीवरचं स्वयंपाकघर, मग त्या म्हाताऱ्या पाववाल्याकडची सात वर्षं, मग स्वतःचं दुकान आणि आता हाकोदातेत तीन. होक्काइदोच्या एका मासिकात तुझी मुलाखत आली होती, ती मी कापून ठेवली आहे. 'लहानपणी भट्टीचा वास आला की पाय थबकायचे', असं त्यात तू म्हटलं आहेस. शुन्गो, कॉलेजात तू पावाला स्पंज म्हणायचास! मी मोठ्याने हसलो आणि मग वाईट वाटलं. तुलाही कोणीतरी वाट सरळ आखून दिली होती आणि खरी वळणावरची गोष्ट गाळली होती. त्या वळणावर मी उभा आहे.

आता मुद्दा. जानेवारीत व्यापारी संघाची जुनी इमारत रिकामी झाली आणि माझ्या वेळचं एक खोकं त्यांनी मला आणून दिलं. पुस्तकाला उपयोगी पडेल म्हणून. त्यात बाबांच्या मुलाखतीचं प्रूफ होतं, छपाईआधी आपण ज्याची त्याला वाचायला पाठवतो ते. त्यांनी लाल पेन्सिलीने तपासून, शेवटी स्वतःचा शिक्का मारून ते परत पाठवलेलं होतं. सात ठिकाणी दुरुस्त्या आहेत. आजोबांच्या नावातलं एक अक्षर, कारखाना जळाला ते साल, असल्या सहा. सातवी दुरुस्ती म्हणजे ते वाक्य आहे. त्यावर दोनदा रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे: 'हे काढा. त्याच्या वयात माझी याहून बहिरी होती.'

मी छापलेला अंक काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले. पहिल्या सहा दुरुस्त्या मी केल्या आहेत. सातवी केलेली नाही.

एखादी दुरुस्ती नजरेतून सुटते. पण दोन रेघा आणि समासातली ओळ सुटते का? मी त्या वर्षीची डायरी काढली. ज्या माणसाने दुधाच्या बाटलीवर पान-पान लिहिलं, त्याने त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे: 'नागासे यांचं प्रूफ आलं. संध्याकाळी छापखान्यात दिलं. खूप थंडी.' मला आठवत नाही, शुन्गो. खरंच आठवत नाही. कधी वाटतं, एक तरी खरं वाक्य छापलं जावं या हट्टाने मी ते ठेवलं असेल. मग मिझुएचा चहा आठवतो आणि वाटतं, हट्ट कसला, माझी नजर तेव्हाच या घरावर होती. मग वाटतं, सत्ताविसाव्या वर्षी एवढं दूरचं पाहण्याइतका मी हुशार नव्हतो. आणि लगेच शंका येते की हे म्हणणं जरा सोयीचंच आहे. घाईत विसरलो असेन, हेही शक्य आहे. पण मग विसरायला हीच का सापडावी? दोन महिने मी या गोल फेऱ्यात आहे. कामगारांच्या पाळ्या लावताना, गिऱ्हाइकांशी बोलतानाही. माझ्याच हाताने झालेली गोष्ट, आणि ती करणाऱ्याला मी ओळखत नाही.

मागच्या सोमवारी तो कागद घेऊन बाबांकडे गेलो. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून बागेतल्या झाडांना बांधलेले दोर ते सोडत होते. कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हं. सापडला का?" मग म्हणाले, "मला वाटलं होतं, पहिल्या वर्षातच सांगशील." म्हणजे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग मला घरात कसं घेतलंत? ते म्हणाले, "पोरीला तू आवडलास. त्सुया म्हणाली, याची बोटं ठीक आहेत. अजून काय बघायचं असतं?" मी विचारलं, मग शुन्गोला का नाही सांगितलंत की तुम्ही ते खोडलं होतं? दोर गुंडाळत ते म्हणाले, "खोडलं होतं हे सांगायचं, तर बोललो होतो हे आधी कबूल करावं लागतं. फोन उचलायचो रे. नंबरही फिरवायचो. शेवटचा आकडा काही फिरवायचो नाही." आणि मग एकदम चिडून, "आणि तू कशाला रडतोयस? तुझं वाक्य होतं का ते? माझं होतं!"

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. वाक्य त्यांचं होतं, पण ते त्यांनी परत घेतलं होतं. जे छापलं गेलं ते माझंच. त्यांनी मला माफ केलं की शिक्षा म्हणून एवढी वर्षं जवळ ठेवलं, हेही मला कळत नाही. मी म्हणालो, वीस तारखेला मी नाही म्हणणार. ते म्हणाले, "आधी नाही म्हणायचा अधिकार कोणाचा आहे ते बघ." म्हणजे तुझा. ही जागा तुला हवी आहे का, हे तुला एकदाही कोणी विचारलेलं नाही. मी आज विचारतोय. हवी असेल तर मी बाजूला होईन आणि तुझ्या हाताखाली आनंदाने काम करेन. 'आनंदाने' हा शब्द लिहून मी खोडला आणि पुन्हा लिहिला. तू नको म्हणालास तर मला हायसं वाटेल की आणखी लाज वाटेल, ते माहीत नाही. मला तुझ्याकडून क्षमा नको आहे. हवी आहे, पण मागत नाही.

हे सगळं मी तुला समोर येऊन सांगणार होतो. काल हाकोदातेचं तिकीट काढायला स्टेशनवर गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "अहो, तुमचे वडील परवाच येऊन गेले की! शनिवारचं. एकच दिलं." घरी कोणाला काही बोललेले नाहीत. मिझुएला फक्त विचारलं, "तिकडे मार्चमध्ये बर्फ असतो का गं?" आणि बुटांना नवा रबरी तळ लावून आणला. तेव्हा माझं तिकीट मी काढलं नाही. ते चौदा तारखेला दुपारी तुझ्या दुकानात येतील, शुन्गो. पाव मागतील, पिठाची चौकशी करतील, भट्टीचं दार कुरकुरतं म्हणून त्याच्या बिजागरीला नावं ठेवतील, आणि जे सांगायला एवढे लांब आले ते त्यांच्या तोंडून निघणार नाही. म्हणून तो लाल रेघांचा कागद या पत्रासोबत आधीच पाठवतोय. ते दारात येण्यापूर्वी तू तो वाचलेला असावास, एवढ्याचसाठी हे पत्र. मी काही कळवलं आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. त्यांच्या उजव्या कानाला आता कमी ऐकू येतं, डावीकडे बस. आणि ते गप्प राहिले तर घाई करू नकोस.

ज्याला हा शब्द वापरायचा हक्क उरला आहे की नाही ते माहीत नाही, पण दुसरा सुचत नाही असा, तुझाच,
कुनिहिको