पाटणकरचे तीस टक्के

रियाध, शुक्रवार, १४ डिसेंबर २०१२

पाटणकर चोरून जास्त देतो, अशी माझी खात्रीच होती. पोकर कंपनी खेळाडूंकडून जे कमिशन कापते, त्यातले तीस टक्के आम्ही एजंटांनी त्यांना परत द्यायचे. सगळ्यांनी तेवढेच, असा नियम. मग माझे पाच खेळाडू त्याच्याकडे का गेले? तो दम्मामचा, कॉलेजात शिकलेला. मी खेळाडूंच्या कमिशनचा हिशोब दाखवणारी माझी वेबसाइट पुस्तकं वाचून एकट्याने बांधली, एक आकडा चुकीचा दाखवा! मार्चमध्ये नोकरीत माझ्या जागी सौदी माणूस येतोय. नंतर घर याच्यावरच चालायचं, आणि इथे जुगाराला बंदी, कुणाला सांगायचीही सोय नाही. इकामाच, म्हणजे इथे राहायचा परवानाच जाईल.

म्हणून आज अँडी या खोट्या नावाने, खेळाडू बनून पाटणकरला विचारलं, "एकतीस देशील का?"

चार मिनिटांत उत्तर. "तीसच. सगळ्यांना तीसच. आणि सारखे हरत असाल, तर आठवडाभर खेळू नका."

चार मिनिटांत! मी दोन-दोन दिवस लावतो.

मग माझ्याच साइटबद्दल विचारलं. म्हणाला, "आकडे सगळ्यांत अचूक त्यांचेच. मीसुद्धा तिथेच ताडून बघतो. फक्त गृहस्थ कुणाशी बोलत नाहीत."

सुनीता मागे उभी राहून वाचत होती. "अहो, चोर पकडायला बसलात आणि सोयरीक जुळवून उठताय की!"

कंपनीला पाठवायची तक्रार तयार होती, ती पुसून टाकली. एकतीस म्हणाला असता, नुसतं एकतीस, तर आज जेवण गोड लागलं असतं.