तनूच्या मागे एक रिक्षा

६ जानेवारी, सोमवार
तनुजाला तळेगावच्या कंपनीत ट्रेनी म्हणून घेतलं. कंपनीची बस फक्त पर्मनंट लोकांना. ती ह्यांच्या स्कूटरवर जाणार म्हणते. चिंचवडहून जुन्या हायवेने, कंटेनरच्या मधून.
मी लगेच हो म्हटलं. मला भीती वाटत नाही.
खालच्या शालनबाई जिन्यात म्हणाल्या, बापाविना पोर हाय, जपून सोडा. मी म्हटलं, बाप नसला म्हणून पोरीनं घरात बसायचं का? चांगलं बोलले मी.

७ जानेवारी
विहाराच्या लायब्ररीतून मुलं वाढवण्यावरचं पुस्तक आणलं. सातवी शिकलेल्या बाईलाही कळेल इतकं सोपं. त्यात लिहिलंय, वडील मुलाला वर उडवतात, आई खाली हात पसरून उभी राहते. धाडस मुलं वडिलांकडून शिकतात.
अगदी खरं. तनू लहान असताना ह्यांनी सायकलची सीट सोडून दिली आणि नुसते बघत उभे राहिले. पडली. म्हणाले, पडू दे, जमीन कुठे पळून जाते. मी खिडकी लावून घेतली होती. हे कशालाच भ्यायचे नाहीत.
मार्चमध्ये दोन वर्षं होतील त्यांना जाऊन. आता धाडसाचं खातं माझ्याकडे.
संकल्प: तिला एकटी सोडायची.

८ जानेवारी, बुधवार
पहिला दिवस. एकटी गेली. मी रिक्षाने मागून गेले, पण फक्त निगडीपर्यंत. निगडीत कामही होतं. काय ते आठवलं नाही, पण होतं.

९ जानेवारी
देहूरोडपर्यंत. रिक्षावाला बंटी आमच्याच बिल्डिंगमधला. म्हणतो, वहिनी, सरळ तिच्याच गाडीवर बसा की. मी त्याला समजावलं, मुलांना मोकळं सोडायचं असतं. तो म्हणाला, व्हय, पण मधी ट्रक आलाय, मोकळी दिसंना. मी म्हटलं, हॉर्न मार, ओव्हरटेक कर.

१३ जानेवारी, सोमवार
सोमाटणे फाट्यापर्यंत. आजचं शेवटचं. सिग्नलला तनूने मागे पाहिलं. मी खाली वाकले. चप्पल शोधतेय, असं बंटीला सांगितलं. दोन्ही पायातच होत्या.

१५ जानेवारी
तनूने विचारलं, आई, माझ्या मागे येत नाहीस ना? मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तोंड फिरवून नाही म्हटलं. ती म्हणाली, परत दिसलीस ना, तर मी तळेगावातच कॉट बेसिसवर राहीन. मैत्रिणींच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे.
मी म्हटलं, रहा की. मला काय.
भाजीत मीठ दोनदा पडलं. डबा नवीन आहे, म्हणून. घरात दोघीच आहोत. ती गेली तर कुकरसुद्धा कुणासाठी लावायचा?
संकल्प: उद्यापासून अजिबात नाही.

१८ जानेवारी, शनिवार
पिंपरी कॅम्पातून तनूला स्कार्फ आणला. निळ्यावर मोठी पिवळी सूर्यफुलं. धुळीसाठी. लांबून ओळखू येते, हा वरचा फायदा.

२० जानेवारी, सोमवार
झालं ते लिहिते.
चापेकर चौकात हेल्मेटखाली सूर्यफुलं दिसली. करडी स्कूटर, आमच्यासारखीच. बंटीला म्हटलं, धर. गाडी डांगे चौकाकडे वळली. मी म्हटलं, शॉर्टकट असेल. बंटी म्हणाला, वहिनी, तळेगाव तिकडं न्हाई. पुनावळे गेलं, मारुंजी आलं. मारुंजीत आयटीची पोरं भाड्याने राहतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा!
मी रागावले नाही. मी आधुनिक आहे. जात विचारायची नाही, पगार नंतर विचारायचा, असं ठरवलं. एका गेटपाशी गाडी थांबली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. म्हटलं, घाबरू नकोस, आई आहे मी.
हेल्मेट निघालं, स्कार्फ सुटला. आत चाळिशीची बाई. साधना नाव. म्हणाली, काकू, चिंचवडपासून मागे लागलाय तुम्ही, मी पोलिसांना फोन लावत होते. मला काकू म्हणाली. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान.
मुलीशी बोलल्याशिवाय ती सोडेना. तनूचा मोबाइल लॉकरमध्ये. कंपनीच्या ऑफिसात फोन गेला, सुपरवायझरने तिला लाइनवरून बोलावून आणलं. तनू एवढंच म्हणाली, घरी जा.

२१ जानेवारी
काल घरी येताच तनूने बॅग काढली. ड्रेस, चादर, ह्यांचा जेवणाचा डबा. मी म्हटलं, तुझे पप्पा सोडायचे ते सोडायचेच. मला नाही जमत गं.
ती थांबली. म्हणाली, आई, पप्पापण यायचे.
दहावीच्या क्लासला ती सायकलने आकुर्डीला जायची, तेव्हा रोज. दोन गाड्या मागे, हेल्मेटची काच खाली. सकाळ मोकळी राहावी म्हणून सेकंड शिफ्ट मागून घेतली होती. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, सिग्नलला खोकला ऐकू यायचा. मग बोलली का नाहीस? म्हणाली, त्यांना बरं वाटायचं. मलापण. पण त्यांनी कधी हॉर्न नाही वाजवला.
त्या वर्षी सेकंड शिफ्टवरून मी त्यांच्याशी किती भांडले. घर नको वाटतं का तुम्हाला, असंसुद्धा म्हटलं. हे फक्त हसले. भीती वाटते, असं त्यांनी एकदा तरी मला सांगायचं होतं. दोघं मिळून भ्यालो असतो.
तनूने चादर परत कपाटात ठेवली. बाकीचं बॅगेतच. अट घातली: रिक्षा बंद. मागे यायचंच तर स्वतः गाडी चालवत ये. नाहीतर मी चालले कॉटवर.
मी लगेच हो म्हटलं. आठवड्यात शिकेन.

२६ जानेवारी, रविवार
आज सुरुवात करणार होते. मैदानावर झेंडावंदनाची गर्दी.

२९ जानेवारी
शालनबाई म्हणाल्या, अवस हाय, आज न्हाई शिकायचं. मी असलं काही मानत नाही. पण त्या मानतात. त्यांचं मन कशाला मोडा?

१ फेब्रुवारी
हात दुखतोय. कोणता ते उद्या ठरेल.

२ फेब्रुवारी, रविवार
गेले एकदाची. तनूने बॅग रिकामी केली, कॉटचा विषयही सोडला. म्हणाली, बस.
बसले. मान ताठ, अ‍ॅक्सिलरेटर पिळला, चाक गरगर फिरलं. मैदानावरची पोरं बघायला थांबली. चांगली अर्धा तास चालवली. भीती अजिबात वाटली नाही.
गाडी स्टँडवर होती.