खिळ्याची तुळई

पेठ्याची वाडी, किन्हवली
१० मार्च २०२५

चि. जगन यास प्रेमाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारी एक टेम्पो आला आणि अंगणात सागाची भली मोठी तुळई टाकून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ड्रायव्हर म्हणाला, फोर्टातल्या जगनने पाठवली. सगळी वाडी बघायला जमली. सकुबाई तर दोनदा विचारून गेली की असलं लाकूड आजकाल कोण कुणाला देतं. मलाही तेच विचारायचं आहे. फोनला रेंज टेकडीवरच मिळते आणि तिथे निम्मी वाडी कान देऊन उभी असते, म्हणून लिहिते.

तू त्या इंग्रजांच्या जुन्या जकातीच्या इमारतीत दुरुस्तीला आहेस. तिथली तर उचलली नाहीस ना? आमचं आढं तडकलंय, काजल पहिल्या बाळंतपणाला येणार, हे तुला मीच सांगितलं होतं. पण माझं नातवंड चोरीच्या लाकडाखाली जन्माला येणार नाही. तापातून उठलास तेव्हा, पोर वाचलं की ठोकायची आपली रीत म्हणून, आईने देवराईतल्या सागाला तुझ्या नावाचा खिळा ठोकला, तो काय हे दिवस बघायला? धोंडीच्या कैऱ्या चोरून माझ्या गळ्याची शपथ घेणारा तूच, म्हणून विचारावं लागतं.

तुझ्या भावोजींनी तूर्त तिच्यावर पेंढा टाकलाय. खरं काय ते कळव, म्हणजे डोळ्याला डोळा लागेल.

तुझी ताई,
प्रेमा

*

फोर्ट, मुंबई
१८ मार्च २०२५

ती. प्रेमाताईस जगनचा शि. सा. न.

पत्र वाचून जीव जळला. वरच्या मजल्याच्या तुळया काढल्या. टोकं कुजलेल्या होत्या, त्या भंगारात चालल्या होत्या. त्यातली एक मी मुकादमाकडे मागून घेतली. गेटपास माझ्याकडे आहे, सकुबाईला दाखवायचा तर सांग, पाठवतो.

इमारत एकदा बघायला ये. बंदराचा वारा आत यावा म्हणून साहेबाने लांबच लांब व्हरांडे काढलेत, टोकदार कमानी, आणि दगडात माकडं, मोर, पळसाची पानं कोरलीत. आपलं रान साहेबाला आवडायचं म्हणतात. आवडायचं तर तोडलं कशाला, हे काही मला कळत नाही. कामावरच्या मॅडम म्हणतात, काही तुळया ब्रह्मदेशातून बोटीने आल्या, काही आपल्या ठाण्याच्या रानातून. कोणती कुठली, ते आता सांगता येत नाही.

आता लगेच आजीची गोष्ट काढू नकोस. साहेबाच्या माणसांनी देवराई तोडून लाकूड आटगावला आगगाडीत भरलं, हे मीही ऐकलंय. देवराईतली काडीसुद्धा घरात आणायची नसते, तेही ठाऊक आहे. पण एवढ्या रानातून नेमकी तीच तुळई माझ्या हाती कशी लागेल? काजल यायच्या आत आढं चढव. आणि भावोजींवर लक्ष ठेव, त्यांना गिऱ्हाईक लवकर सापडतं.

माया पूर्वीइतकीच असू दे.

तुझा,
जगन

*

फोर्ट, मुंबई
६ मे २०२५

ती. प्रेमाताईस शि. सा. न.

तुझं उत्तर नाही, फोनवरही विषय टाळतेस. आटगावचा संदीप परवा भेटला. तो म्हणाला, तुमच्या छपरावर ऐनाचं वाकडं लाकूड चढलंय आणि सागाची तुळई बैलगाडीत घालून नेताना लोकांनी पाहिली. भावोजींनी विकली ना? मी चोर ठरलो आणि ते मात्र साव! विकायचीच होती तर मला एवढा जाब कशाला विचारलास? काजलची खुशाली तरी कळव.

जगन

*

पेठ्याची वाडी, किन्हवली
२ जून २०२५

चि. जगन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

काजलला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आली, म्हणून शहापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. आता घरी आहे आणि गळा काढून रडते. तोवर मला काहीच सुचत नव्हतं.

तुळई विकली नाही रे. हरेश सुतार ती मापात कापायला बसला आणि करवत मध्येच अडली. त्याने लाकूड फोडलं तर आत हाती घडवलेला चौकोनी खिळा निघाला. वरून भोक नाही, व्रण नाही. साल त्याच्यावर चढून झाड पुढे वाढलेलं. हरेशने करवत खाली ठेवली आणि हात जोडले. असला खिळा झाडाच्या पोटात का असतो, हे आपल्या वाडीत कुणाला सांगावं लागत नाही. तुझे भावोजीच गाडी जुंपून ती देवराईत ठेवून आले. तुला कळवलं तर तू हसशील आणि ती परत आणायला लावशील, असा संशय आला, म्हणून मी लिहिलं नाही. तुला चोर म्हटलं, त्याचं वाईट वाटतं.

पोर घरी आली तशी आम्ही तिचा खिळा घेऊन देवराईत गेलो. तुझा खिळा होता ते शेवटचं जुनं झाड वादळात पडलं, बाकीची झाडं मनगटाएवढी, खिळ्याने चिरतील अशी. मग काजलने त्या तुळईतच ठोकला, जुन्या खिळ्याशेजारी. मला तिथेच रडू आलं.

तुमच्या त्या इमारतीत अजून पुष्कळ तुळया असतील. वर चढशील तेव्हा पाय ठेवण्याआधी हात लावून नमस्कार कर. आत कुणाच्या पोराचा खिळा असेल, सांगता येत नाही.

संशय संपला, लोभ तेवढा ठेव.

तुझी ताई,
प्रेमा