वॉफलचं यंत्र

क्रीडासंचालक हॅल्डरसनसाहेब,

खेळाडूंचं कॉलेजजीवन सुधारायचंय, मोकळेपणानं बोला, असं तुम्हीच म्हणालात. मी सांगितलं, नर्सिंगच्या प्रॅक्टिकलच्या वेळी व्हॉलीबॉलचा सराव ठेवू नका. तुम्ही मान डोलावलीत आणि आमच्या संघाच्या खोलीत वॉफल भाजायचं यंत्र आणून ठेवलंत. वॉफलवर कॉलेजचं चिन्हसुद्धा उमटतं!

कोचबाई म्हणाल्या, "डेलनी, दुपारचा सराव ऐच्छिक आहे गं. वाटलं तर ये." प्रॅक्टिकलमुळे एकदाच गेले नाही, तर पुढचे सगळे सामने बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. शेवटी नर्सिंग सोडून क्रीडा-व्यवस्थापन घेतलं. आईला सांगायचा धीर झाला नाही.

काल शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा सामना होता. आई पहाटे निघून गाडी चालवत आयोवाला आली, माझा हात धरून कोर्टावर चालली. निवेदकानं प्रथेप्रमाणे माझं नाव पुकारलं, पदवीचा विषय वाचला: क्रीडा-व्यवस्थापन. आई म्हणाली, "अगं, चुकीचं वाचलं की मेल्यानं!" आणि तडक तुमच्याकडे गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात गरम वॉफल होतं. "भला माणूस आहे गं. म्हणाला, दुरुस्त करून घेतो."

साहेब, काय दुरुस्त करणार आहात?

पदवी हातात पडेपर्यंत हे पत्र माझ्या पिशवीतच राहील.

तुमची खेळाडू,
डेलनी व्रूमन