हायपोत न गेलेला फोटो

बाबा, तुमचा फ्लॅश अजून चालतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर असतो. चालू केला की बारीक शिट्टी वाजवत चार्ज होतो आणि मी नकळत ताठ बसते, कारण त्या शिट्टीनंतर तुमचा आवाज यायचा, "हालू नको." अजूनही येतो. आधी मी मागे वळून पाहायचे. आता भीती वाटते म्हणून पाहत नाही.

माझं काम तुम्हाला सांगायचं राहिलं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या अतिपातळ पापुद्र्यांना ऑक्सिजन चिकटवला की ग्राफीन ऑक्साइड होतं. काचेवर त्याची फिल्म कोऱ्या चहासारखी तपकिरी दिसते आणि वीज वाहू देत नाही. ऑक्सिजन काढला की ती काळी पडते, वीज वाहू लागते. त्यासाठी जवळून फ्लॅश मारायचा; चट् आवाज होतो आणि उजेड पडेल तेवढंच काळं होतं. नाहीतर मिठाच्या पाण्यात बुडवून वीज लावायची, मग हळूहळू सगळीच फिल्म काळी होते.

नालवाडीच्या आपल्या स्टुडिओतली डार्करूम आठवते. ट्रेमध्ये एका नवरीचा चेहरा उमटतो आहे आणि तो नीट दिसावा म्हणून मी दिवा लावते. डोळ्यांदेखत नवरी काळी पडते. "काऊन लावला व लाइट? हायपोत गेल्याबिगर फोटो आपला नसते, पोरी." हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं पाणी. तुम्ही ट्रे उचलला नाहीत, ती पूर्ण काळी होईपर्यंत मला पाहायला लावलंत. फार राग आला होता तुमचा.

पार जाम गावापर्यंतच्या लग्नांचे फोटो तुम्ही काढलेत, पण तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला तुमचाच फोटो सापडेना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मग गेल्या उन्हाळ्यात फ्लॅशच्या पेटीत एक निगेटिव्ह मिळाली. लाइट तपासायला तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि बटण आईने दाबलं होतं. आधी त्या निगेटिव्हचा कागदावर फोटो करून घ्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला तुमच्यासारखं करून पाहायचं होतं. निगेटिव्ह तपकिरी फिल्मवर घट्ट दाबली, तुम्ही कागदावर दाबायचात तशी, आणि तुमचाच फ्लॅश मारला. निगेटिव्ह आक्रसून वाकडी झाली, कायमची गेली. फिल्मवर मात्र तुम्ही आलात. केस काळे, मिशी काळी, गाल तपकिरी.

पण या फोटोला हायपो नाही. उरलेला तपकिरी भाग साध्या उजेडातही हळूहळू काळा पडतो, म्हणजे पाहीन तितके तुम्ही जाल. मोबाइलवर काढून पाहिलं, नुसती चमक आली. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे डागाचं सॅम्पल मिठाच्या पाण्यात बुडवून टाकू का? एकसारखं होऊन जाईन." मी त्याच्यावर खेकसले. काळ्या कागदात गुंडाळून ठेवते म्हटलं, आणि तरी रोज उघडत राहिले. राहवतच नव्हतं.

परवा काच घरी नेली, खिडकीशी आईच्या हातात दिली. तिने खूप वेळ पाहिलं. "मले तं काई दिसत नाई," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "पण 'हालू नको' म्हणून राह्यले ते. तुले आयकू येते का?"

मी म्हटलं, येतं, आणि दिसतातही. ते दिसणं खोटं होतं, बाबा. काच सगळी काळी झाली होती. हे पत्र काचेसोबत त्याच काळ्या कागदात ठेवते आहे. काच अजून बुडवलेली नाही, आणि आता तिला उजेड लागू देत नाही.